भोपळ्याच्या बिअरवरची साय

पितृपंधरवडा लागला की परभणीच्या बाजारात काशीफळाला मान येतो. एरवी लाल भोपळा म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण पितरांच्या ताटात त्याची भाजी नसली तर चालत नाही. आख्खं फळ कुणी नेत नाही. पावशेर द्या, अर्धा किलो द्या. मग मी सुरीचं पातं फळावर टेकवते, वरून लाकडाचा एक ठोका देते आणि फळ ‘कर्र’ करून दुभंगतं. आतून ओला, गोडसर, थोडासा मातीचा असा वास येतो. पहिल्यांदाच कापलेल्या फळाचा वास. पूर्वी तो वास आला की मला धंदा दिसायचा. आता दोन वर्षं झाली, तो वास आला की मी नकळत दुकानामागच्या खोलीच्या दाराकडे बघते.

काल एक म्हातारी आली. बोटानं फळ वाजवून तिनं विचारलं, आतून कसं हाय? मी म्हटलं, “कापल्यावर कळंल, बाई. लग्नासारखंच हाय.” ती हसली. मला काही हसू आलं नाही.

फळ वाजवणं हे माझंच काम. माझे मालक तापानं गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. पिंगळीच्या बायांबरोबर मी पॅसेंजरनं दोन गोणी परभणीला आणायची, स्टेशनापासून डोक्यावर वाहायची आणि रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसायची. कोणतं फळ टणक वाजतं, कोणतं भद्द वाजतं, कोणत्याच्या पोटात पाणी सुटलंय, हे कान लावून शिकले. आज माझं स्वतःचं दुकान आहे, मागं माल ठेवायला खोली आहे, येलदरीच्या बाजूचे शेतकरी फोन करून विचारतात की मावशी, गाडी कधी लावू. भाव करायला लोक माझ्यापुढं कचरतात. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे मला ठाऊक आहे. तो नसता तर त्या रस्त्यावर मला कुणी बसू दिलं नसतं, हेही ठाऊक आहे.

आणि असं असून मी फसले. मुलीच्या लग्नातच फसले.

स्थळ आणलं माझ्या नणंदेनं, शकूवन्संनी. पोखर्णीला नृसिंहाच्या देवळात मुलगा दाखवला. मी सगळं विचारलं. शेती किती, भाऊ किती, कुणाला दमा आहे का, सुपारी-तंबाखू आहे का. मुलाला चार पावलं चालवून बघितलं असतं, पण लोक हसले असते. नोकरी कुठं, म्हटलं तर वन्सं म्हणाल्या, संभाजीनगरला, फूड कंपनीत. मला वाटलं बिस्किटं असतील. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मुलगी, स्वाती, बोलता बोलता म्हणून गेली की गजाननची, म्हणजे जावयांची, बदली भट्टीवरून बाटल्यांच्या खात्यात झाली. कसली भट्टी? तर बिअरची. मी तिथल्या तिथं वन्संना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, “बिअर बी पोटातच जाती ना, वैनी.”

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. लोकांना वाटतं, दारूच्या धंद्यामुळं मला राग आहे. तसं नाही. माझ्या घरात कुणी पिऊन मेलेलं नाही. माझा राग वेगळा आहे. फळ जमिनीवर ज्या बाजूनं टेकलेलं असतं ती बाजू फिकट, पिवळट, जरा मऊ असते. विकणारा ती बाजू खाली ठेवतो आणि चांगली बाजू गिऱ्हाइकाकडे करतो. हे मी आयुष्यभर केलं. कुणीतरी तेच माझ्याशी केलं, आणि मी फळ उलटून बघितलं नाही, हा तो राग. दुसऱ्यावरचा म्हणावा तर अर्धा स्वतःवरचा.

दोन वर्षांमागं त्या भट्टीवरची माणसं कमी केली, त्यात जावई निघाले. स्वातीला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणलंच होतं. तिच्या मागोमाग दोन बॅगा घेऊन जावईही आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, जपा. त्यामुळं जा म्हणता येईना. पण जावई दोन दिवस राहिला तर पाहुणा असतो. वीस दिवस राहिला की शेजारच्या बाया दळण आणायला जाताना दारात थांबून विचारतात, सुट्टी लय मोठी हाय वो पाव्हण्यांची. मी त्यांना ‘तुमी’ म्हणायची, पहिली गरम भाकर त्यांच्या ताटात वाढायची आणि तोंडातले शब्द गिळायची. सगळ्या बाजाराला फाडून खाणारी मी, जावयापुढं जीभ दातात धरून बसायची. ती जीभ सुजली असेल त्या दिवसांत.

जावई गरीब स्वभावाचे. ‘हो मामी’, ‘न्हाई मामी’ यापलीकडं बोलणं नाही. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. एक दिवस दुकानात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मामी, दोन काशीफळं देता का? खराब निघाली तरी चालतील.”

कशाला, तर बिअर करायला.

मग त्यांनी सांगितलं ते असं. भट्टीवरचा एक जुना सोबती हैदराबादला लागला होता. तिथं एका माणसानं लहानशी भट्टी सुरू केली होती आणि त्याला हात चालणारा कारागीर पाहिजे होता. कागदपत्रं बघायची नाहीत, स्वतःच्या हातानं काहीतरी वेगळं करून दाखव, मी नवरात्रात नांदेडकडून येणार आहे, परभणीला उतरून चाखतो, असा त्याचा निरोप. जावयांनी ठरवलं, सासूच्या दुकानात जे आहे त्याचीच करायची. मी विचारलं, हे कायद्यात बसतं का? ते म्हणाले, घरापुरतं हाय, इकायचं न्हाई, चाखण्यापुरतं. माझं समाधान झालं नाही. ते आजही झालेलं नाही. पण पोटुशी पोर दाराच्या चौकटीला धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “खराब कशाला? चांगली न्या.” यात माया नव्हती. माझ्या दुकानातून कुणाला दाखवायला वाईट माल जाणार नाही, एवढंच.

त्या आठ दिवसांचे वास अजून नाकात आहेत. आधी त्यांनी ज्वारीला मोड आणले, उन्हात वाळवले आणि गिरणीतून जाडंभरडं दळून आणलं. गिरणीवाल्याला वाटलं, बाळंतिणीसाठी काहीतरी असेल. फळं चिरून चुलीच्या निखाऱ्यावर भाजली. कडा काळ्या पडल्या आणि गल्लीभर गुळासारखा वास सुटला. मग पातेल्यात ज्वारी आणि भोपळा शिजवत ते घड्याळ लावून बसले, पाण्यात बोट बुडवून नव्हे तर थर्मामीटर घालून. गाळून झाल्यावर सोबत आणलेल्या पुडीतली कडू वाळकी फुलं टाकून उकळलं. निवल्यावर पांढऱ्या पिंपात ओतलं, खमिराची पूड टाकली, झाकण दाबून बसवलं. झाकणातून एक नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडली. थोड्या वेळानं नळीतून बुडबुडा निघाला. टुपुक. मग दुसरा. मला कबूल करायचं नव्हतं, पण हातात काम असलेला माणूस वेगळा दिसतो. त्या दिवशी जावई उंच दिसले.

पिंप मागच्या खोलीत, भोपळ्यांच्या राशीमागं ठेवलं. मी पुढं पोती रचली. जावयांनी मला आणि स्वातीला एकच गोष्ट सांगितली. बारा दिवस झाकणाला कुणी हात लावायचा नाही.

पौर्णिमेला ते पिंप लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा. या पंधरवड्यात आम्ही नवं काही करत नाही. एक दिवस आधी सुरू झालं म्हणून मी मनाची समजूत घातली, पण आतून ते लागून राहिलं. दुकानात गर्दी, हात चालू, तोंड चालू आणि कान मागं. टुपुक. शेजारचा कांदेवाला म्हणाला, मावशी, तुमच्याकडं नळ गळतोय. मी त्याला म्हटलं, तुझं तोंड गळतंय, ते बघ. तो हसला आणि मी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

मग माझ्या डोक्यात ते शिरलं. कसं शिरलं सांगते. पेरूची बाग राखणारा पेरू खातोच. माझ्याकडं आजवर जितके हमाल राहिले, त्यांतला प्रत्येकजण कधी ना कधी फोड घेऊन गेला, आणि मी प्रत्येकाला पकडलं. माल सांभाळणारा माल चाखतो, हा माझा अनुभव आहे. आणि इथं तर बिअरच्या भट्टीवर सहा वर्षं काढलेला, बिनकामाचा, दिवसभर घरी बसलेला माणूस. पिंप मागं, मी पुढं गिऱ्हाइकात. कोण बघतंय? पाहुणा नवरात्रात येईपर्यंत पिंपात अर्धंच उरलं तर?

विचारता येत नव्हतं. जावयाला ‘तुमी पिता का’ असं विचारणारी सासू आमच्याकडं झाली नसेल. म्हणून मी माझ्या पद्धतीनं मोजायचं ठरवलं. कडुलिंबाची सरळ काडी तोडली, साल सोलली. बारा दिवस हात लावायचा नाही हे ऐकलं होतं मी, पण हात कुठं लावत होते? कडुलिंबानं कधी काही बिघडत नाही. आम्ही धान्यात पाला घालतो, देवीच्या तापातून उठलेल्या पोराला त्याच्या पाण्यानं न्हाऊ घालतो. पाचव्या दिवशी दुपारी जावई दवाखान्यातून गोळ्या आणायला गेले तेव्हा मी झाकणाची एक कड उचलली. ‘फस्स’ झालं. काडी उभी सोडली, तळाला टेकवली, वर काढली आणि ओल जिथपर्यंत होती तिथं नखानं खाच केली. झाकण दाबून बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज तीच काडी. एकदा धुतली, एकदा नाही.

चौथ्या वेळी झाकण उचललं तर वर काहीतरी धुरळल्यासारखं दिसलं. पिठाचा हात पाण्याला लागावा तसं. मला वाटलं, भोपळ्याचा गर वर आला असेल. पाचव्या वेळी त्या धुरळ्याची कातडी झाली होती. दुधावरची साय असते ना, बोटानं ओढली तर सुरकुतते, तशी. पण पांढुरकी, कोरडी, आणि तिच्याखाली मोठाले बुडबुडे अडकून बसलेले, तव्यावर पापड फुगावा तसे. मी काडी घातली तर ती कातडी काडीभोवती गोळा झाली आणि फाटली. वास घेतला. आंबूस. पण ते तर आंबवायलाच ठेवलं होतं, मग आंबूस वास बरा की वाईट? कुणाला विचारायचं?

सायीचा मला राग नाही. माझी आई साय साठवायची, आम्ही पोरं बोटं घालून मार खायचो. लोणच्यावर पांढरं येतं, तेही मी ओळखते. तेल कमी पडलं की येतं. इतकी वर्षं पदार्थ बघितले, पण ही कातडी मला ओळखू येईना. आणि जे ओळखू येत नाही त्याचा भाव करता येत नाही. ते विषारी असलं तर? त्या पाहुण्यानं चाखलं आणि त्याला काही झालं तर? जावयाला पोलिसांनी नेलं तर पोर कुणाच्या तोंडाकडं बघेल? दुकानात एका बाईला मी अर्धा किलोच्या ठिकाणी किलोची फोड दिली आणि पाव किलोचे पैसे घेतले. तिनंच मला थांबवलं. म्हणाली, मावशी, बरं नाही का?

दोन दिवस मी गप्प बसले. सांगितलं तर झाकण उघडल्याचं सांगावं लागलं असतं. त्या दोन दिवसांतही मी रोज उघडून बघतच होते, हे आता सांगताना लाज वाटते. वाटायचं, आज गेली असेल. आज पातळ झाली असेल. रोज ती जाड होत होती.

बाराव्या दिवशी जावयांनी स्वतः झाकण काढलं. मी दाराशी उभी होते. माणसाचा चेहरा एका क्षणात उतरतो म्हणतात, ते मी बघितलं. पण ते ओरडले नाहीत, हात आपटला नाही. मोबाइलची बॅटरी लावून वाकून बघत राहिले. बराच वेळ. मग एकेक शंका काढायला लागले, स्वतःशीच बोलल्यासारखं. स्वाती स्टुलावर बसून ऐकत होती.

पहिली शंका, हे खमिराचेच पुंजके असतील. त्यांनी पिंपाला बाहेरून हळूच टिचकी मारली. खमीर असतं तर हलल्यावर खाली बसलं असतं. ते बसलं नाही. पातळ पापडीला तडा जावा तशी ती कातडी चिरली. दुसरी शंका, भोपळ्याचे धागे. चमच्यानं कडेचा एवढासा तुकडा उचलून बोटावर चोळला. धागा लागला नाही. तिसरी शंका बुरशीची. तिला ते सगळ्यात जास्त भीत होते, हे त्यांच्या श्वासावरून कळत होतं. हिरवा ठिपका, काळा ठिपका, केसाळ लव, यातलं काही दिसलं तर सगळं मोरीत ओतायचं, म्हणाले. आम्ही तिघंही बघत राहिलो. पांढरं. सगळीकडं पांढरंच.

“मंग हे हवेतलं खमीर हाय,” ते म्हणाले. “आत हवा घुसल्याबिगर हे धरत न्हाई.”

स्वाती म्हणाली, लोणच्याच्या बरणीला देतो तशी हिंगाची धुरी देऊ का. ते हसले, पण नको म्हणाले. मी म्हटलं, सायीसारखी वरची वर काढून टाकू. तर म्हणाले, जेवढं हलवाल तेवढी हवा मिसळंल, आता हिला आहे तशी राहू द्यायची. मग त्यांनी झाकणाचं रबर काढून बघितलं, नळी बघितली, सांध्याला साबणाचा फेस लावून नळीत फुंकर मारली. फेस फुगला नाही. कुठंच गळत नव्हतं. दुसऱ्यांदा फुंकर मारली. तिसऱ्यांदा. मी पदराखाली हात आवळून उभी. आता म्हणतील, कुणी उघडलं? पण ते तसं म्हणाले नाहीत. रबर हातात घेऊन म्हणाले, माझ्याकडूनच बसवताना ढिलं राहिलं असंल. नवं आणाय पायजे व्हतं.

स्वातीनं विचारलं, आता काय होणार. ते म्हणाले, पयलं खालचं चाखून बघू.

नळी कातडीच्या खाली सोडून त्यांनी पेलाभर काढलं. रंग झेंडूसारखा, जरा गढूळ. त्यांनी घोट तोंडात फिरवला. डोळे मिटले. “खालचं चांगलं हाय,” म्हणाले. “एक आंबट कड आलीय. ती कळंल त्यांना.”

ती रात्र मी कशी काढली, ते नको. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरचं चार बोटं तसंच सोडून खालचं बाटल्यांत भरलं आणि थोडी साखर घालून बुचं बसवली. सर्वपित्रीच्या आधीच्या गर्दीत मी फोडी विकत होते. प्रत्येक फळ ठेवताना माझा हात आपोआप फिकट बाजू खाली करत होता. हात थांबवून एकदा मी त्या बाजूकडं बघितलं. शकूवन्संचा राग मी किती दिवस जपला होता. रोज एकदा काढून बघायचा, कुणी भेटलं की त्याला दाखवायचा, परत ठेवायचा. तो जाड होत गेला. आणि आता मीही तेच केलं होतं. एक गोष्ट खाली दाबून ठेवली होती आणि ज्याचं नुकसान झालं त्याला स्वतःची चूक समजून झुरू देत होते.

ललितापंचमीला सकाळच्या गाडीनं तो माणूस आला. पन्नाशीचा, साधा शर्ट, हातात पिशवी. मी कल्पना केली होती तसा बडा कुणी नव्हता. भोपळ्यांच्या राशीशेजारी खुर्ची टाकली. जावयांनी बूच काढलं, पेल्यात ओतलं. पांढरा फेस वर आला. मला आता प्रत्येक पांढरं तेच दिसत होतं. त्यानं पेला उजेडाकडं धरला, हुंगला, घोट घेतला. भोपळा भाजला, हे त्यानं न सांगता ओळखलं. ज्वारी आहे म्हटल्यावर मान हलवली. दुसरा घोट घेतला आणि थांबला.

“अच्छा है,” तो म्हणाला. “पर ये खट्टा कायकू हुआ?”

जावई म्हणाले, ऊपर परदा आ गया था साब. झाकन में मेरी गलती.

मला ते सहन झालं नाही. का झालं नाही, यावर मी दोन वर्षं विचार केलाय. चांगुलपणा असता तर मी आधीच बोलले असते. मला वाटतं, जे दुसऱ्यानं माझ्याकडून लपवलं म्हणून मी जळत होते, तेच लपवून माझ्या डोळ्यांदेखत सौदा होत होता आणि त्यात खोटा पडत होता माझाच माणूस. मी राशीमागून काडी काढली आणि त्या माणसापुढं धरली. माझं हिंदी बाजारातलं आहे. म्हटलं, इसकी गलती नहीं. मैंने खोला. रोज खोला. हे पीते क्या देखने को.

जावयांनी माझ्याकडं बघितलं नाही, काडीकडं बघितलं. सात खाचा होत्या, पण वेगवेगळ्या दिसत नव्हत्या. सगळ्या एकाच जागी, एकीवर एक, खोल झालेल्या. पिंपातलं पाणी बोटभरही उतरलं नव्हतं.

त्या माणसानं काडी हातात घेऊन अंगठा फिरवला. हसला नाही. दोन बाटल्या पिशवीत टाकल्या, फोन करता हूँ म्हणाला, आणि गेला.

रिक्षा वळली तशी जावई माझ्याकडं फिरले. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला म्हणायला हरकत नाही.

“तुमी मला चोर समजल्या.”

“समजले.”

“मंग तोंडावर इचारायचं व्हतं.”

“इचारल्यावर चोर हो म्हणतो का?”

“सात दिस,” ते म्हणाले. “सात दिस माझ्या मालात काडी घातली. मी तुमच्या एका फळाला कधी नख तरी लावलं का? अन् मी रबराला दोष देत बसलो. तुमी उभ्या व्हत्या तिथंच. बघत व्हत्या.”

स्वाती रडायला लागली, तिला पाणी दिलं, आणि ते बाहेर निघून गेले. भाकरी निवून गेली. आठवतं ते एवढंच की त्या भांडणात त्यांनी एकदाही ‘मामी’ म्हटलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. इतके दिवस माझ्या घरात एक सावली जेवत होती. त्या दिवशी माणूस उपाशी उठला.

मग वाट बघण्याचे दिवस. घटापुढचं धान वाढत होतं. पिंपातलं उरलेलं चार बोटं कातडीसकट जावयांनी उकिरड्यावर ओतलं, पिंप उन्हात घातलं. ते माझ्याशी बोलत नव्हते, पण गाडी आली की भोपळे उतरवायला न सांगता उभे राहत. फोन वाजला की आम्ही तिघं एकदम वळायचो. कधी गॅसवाला, कधी शेतकरी. स्वातीच्या पायाला सूज आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अशा वेळी घरात गाडी काढणारं कुणीतरी असू द्या. मी एकटी दुकान बघू की तिला? हे मला जावयांना सांगायचं होतं, पण नोकरी लागू दे असं एका तोंडानं म्हणत असताना जाऊ नका असं दुसऱ्या तोंडानं कसं म्हणायचं? आणि आता तर ते तोंडही उरलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, झेंडूच्या पाट्या उतरत असताना फोन आला. जावयांनी ‘हां साब’ म्हटलं त्यावरूनच मला कळलं. ऐकत राहिले. मग माझ्याकडं बघून फोनवर हात ठेवून हळूच म्हणाले, “सोमवारी या म्हणतेत.” मी हातानं खुणा केल्या. हो म्हणा, हो म्हणा. पोरीचं बघू, मी बघेन, आधी हो म्हणा. त्यांनी माझा हात बघितला आणि माझ्याकडं पाठ करून रस्त्याच्या कडेला गेले.

गोंगाटात काही ऐकू येईना. पाठ दिसत होती. ते काहीतरी बोलले, थोडकं. मग थांबले. भाव करताना जो गप्पपणा असतो, ज्यात आधी बोलेल तो जातो, तो मी किती वेळा धरून बसले असेन. पण तो बाहेरून कधी बघितला नव्हता. त्यांची मान ताठ होती, हलत नव्हती. माझ्या हातातली फुलं मी चुरगळून टाकली होती. बोल बाबा, तुटेल, मनात म्हणत होते. मिळालेलं जाईल. ते बोलले नाहीत. मग एकदा मान हलली. पुन्हा काहीतरी बोलले, पुन्हा गप्प. शेवटी फोन खिशात ठेवून ते परत आले.

“काय म्हणला?” मी विचारलं.

“बाळंतपण झाल्यावर या म्हणले. दोन महिन्यांनी.”

मी पाटीच्या कडेला टेकले. पण तोंड माझंच. म्हटलं, “तीन मागायचे व्हते.”

त्यांनी झेंडूची पाटी उचलून खांद्यावर घेतली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं.

“चार मागितले, मामी. तवा कुठं दोनवर आला.”